तळातून येणारा ठोका

चालू इंजिनावर पुन्हा सेल्फ मारला की जो आवाज होतो, तो एकदा ऐकला की विसरत नाही. लोखंडावर लोखंड घासतं आणि अंगावर काटा येतो. त्या सकाळी मी चुलीपुढे भाकरी थापत होते. अंगणात आमची जीप सुरू झाली, मी ती ऐकली, आणि तरी माझ्या नवऱ्याने पुन्हा चावी फिरवली. तो कर्रकन आवाज ऐकून मी पिठाच्या हातांनी बाहेर धावले. हे स्टिअरिंग धरून बसले होते. म्हणाले, सेल्फ अडकला असेल. पुढच्या आठवड्यात तो तसाच आणखी दोनदा अडकला. शेवटच्या खेपेला मी गाडीजवळच उभी होते. इंजिन धडधडत होतं आणि हे खिडकीतून माझ्याकडे बघून विचारत होते, "चालू झाली का गो?"

मी हसले. मला वाटलं थट्टा करतायत. मग त्यांचा चेहरा बघितला.

तेव्हा आमची मोठी मुलगी चौथीत होती आणि धाकटी बालवाडीत. नव्वदचं दशक सरत आलेलं. आमचं घर टोकावड्याजवळ, मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. मुरबाडला रेल्वे नाही आणि एसटी वेळेवर येईलच याचा भरवसा नाही, त्यामुळे दवाखाना, कोर्ट, कॉलेज, बाजार, ज्याला कुठे पोचायचं तो शेअर जीपमध्ये बसायचा. हे सकाळी साडेसहाला पहिली खेप घेऊन निघायचे. मी घरी ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवायचे.

गाडीचे आवाज मला यांनीच शिकवले होते, ते खूप आधी, नवं लग्न झालं तेव्हा. तेव्हा हे दुसऱ्याचा ट्रक चालवायचे. बायकोशी निवांत बोलायला सवड अशी नव्हतीच, होती ती सकाळी इंजिन तापेपर्यंतची पाच-दहा मिनिटं. आणि यांच्याकडे बोलायला विषय एकच. यांचं म्हणणं असं, की गाडीला कुठे दुखतंय ते ती सुरू होताना सांगते. रात्रभर उभी राहिली की ऑइल तळाला उतरतं, वरचे भाग कोरडे पडतात, आणि मग पहिल्या चार-पाच श्वासांत जे झिजलं असेल ते वाजतं. ऑइल पुन्हा वर चढलं की आवाज झाकला जातो. म्हणून ते पहिले श्वास ऐकायचे. नंतर दिवसभर ऐकलं तरी उपयोग नाही.

तेव्हापासून मी ऐकत आले. चावी फिरवल्यावर नुसतं टिक-टिक होऊन इंजिन फिरलंच नाही, तर बॅटरीच्या टोकांवर पांढरं चढलेलं असतं, गरम पाणी ओतून ते साफ करायचं. ओल्या सकाळी पंख्याचा पट्टा किंचाळतो, पण मिनिटभरात गप्प होतो, त्याला भ्यायचं नाही. वरच्या बाजूने शिवणयंत्रासारखं बारीक टिकटिक येत असेल तर ते टॅपेट, सवडीने जुळवता येतात. शिवणयंत्र हे माझ्यासाठी सांगितलेलं. "वरून वाजलं तर चालतं," हे म्हणायचे. "तळातून ठोका आला तर गाडी जागची हलवायची नाय." इंजिनाच्या तळाशी एक जाड दांडा फिरतो, त्याच्याभोवती पातळ कवचांसारख्या बेरिंगा असतात, त्या झिजल्या की दांडा सैल होऊन आदळायला लागतो. तो आवाज कसा असतो असं मी विचारलं, तर यांनी उखळात मुसळ पडल्याचा आवाज तोंडाने काढून दाखवला. जाड आणि बसका.

आता ऐकणारा माणूसच बहिरा होत चालला होता.

कल्याणच्या डॉक्टरांनी दोन्ही कान तपासले आणि सांगितलं की नस सुकत चालली आहे, औषध नाही, मशीन लावावं लागेल.  घरी आल्यावर एवढंच म्हणाले, की कानात वायर घातलेल्या ड्रायव्हरच्या गाडीत कोण बसणार? आणि मला बजावलं, की हे घराबाहेर जाता कामा नये. यांच्या मोठ्या भावालाही सांगायचं नाही.

मग आमची एक रीत पडली. रोज सकाळी मी बॉनेटच्या समोर उभी राहायची. यांनी चावी फिरवली आणि इंजिनाने धरलं की मी हात वर करायची, म्हणजे यांनी चावी सोडायची. मग मी खिडकीशी जाऊन, ओठ नीट हलवून, काय ऐकू आलं ते सांगायची. पट्टा वाजला. धूर पांढरा आहे. आज काही नाही. शेजारणींना वाटायचं, नवरा निघताना बायको रोज हात वर करते, केवढं प्रेम. एक-दोघी मला चिडवायच्याही. मी चिडवून घ्यायची.

घरचं असं जमवलं, पण रस्त्याचं काय? यांनी आतला आरसा मोठा बसवून घेतला, म्हणजे मागच्या माणसांचे हात आणि तोंडं दिसावीत. तरी कुणी मागून "थांबवा" म्हणायचं आणि हे त्याला अर्धा मैल पुढे नेऊन सोडायचे. लोक म्हणायला लागले की याला माज आलाय. हे ऐकून घ्यायचे, म्हणजे त्यांच्या तोंडावरून ओळखायचे, आणि उत्तर द्यायचे नाहीत. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा माजलेला म्हणवून घेणं यांना परवडत होतं.

पावसाळ्यात एकदा मुरबाडच्या स्टँडवर हे गाडी मागे घेत होते. मी पुढे यांच्या शेजारी बसले होते. गाडीच्या मागे जमिनीवर एक कातकरी बाई रानभाजीची पाटी घेऊन बसली होती, ती यांना आरशात दिसत नव्हती. चार-पाच माणसं एकदम ओरडली, कुणी पत्र्यावर हात मारला, आणि गाडी तशीच मागे जात राहिली. मी हँडब्रेक ओढला. हे माझ्यावर भडकले, सगळ्यांदेखत, आणि मग खाली उतरून मागे गेले. पाटीची एक कड चाकाखाली आली होती. बाई बाजूला उभी होती आणि चिरडलेली भाजी वेचत होती. यांनी खाली बसून तिच्यासोबत भाजी वेचली. मग परत येऊन बसले आणि खेप पुरी केली.

त्या संध्याकाळी मी दिव्याखाली यांच्यासमोर बसले, चेहरा उजेडात धरून, आणि सांगितलं की आता पुरे. गाडी सोडा. आज पाटी होती, उद्या माणूस असेल. हे माझे ओठ वाचत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "मग काय करू? तुझ्या ब्लाउजांना काज-बटणं करत बसू?"

नंतरही मी कितीदा बोलले. रडून बोलले, भांडून बोलले. यांना नको असेल तेव्हा हे मान वळवायचे, की माझं बोलणं तिथेच संपायचं. बोलणाऱ्याला इतकं असहाय करणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. यांच्या भावाकडे जावं असं मी दोनदा ठरवलं आणि वाटेतून परतले. लायसनच्या ऑफिसात जाऊन सांगावं असंही मनात आलं. पण ज्याच्या बायकोने चुगली करून लायसन घालवलं तो माणूस गावात कसा वावरेल, हे मला दिसत होतं. एका दुपारी हे जेवून झोपले होते, तेव्हा मी साखरेची पुडी घेऊन डिझेलच्या टाकीपाशी गेले; टाकीत साखर गेली की इंजिन बसतं असं ऐकलं होतं. झाकण काढलं. त्या गाडीवर माझ्या दोन्ही मुली जेवत होत्या. मी झाकण पुन्हा लावलं, आत आले आणि त्याच साखरेचा यांना चहा केला.

आणि मग तिसऱ्या वर्षी, दिवाळीनंतरच्या थंडीत, तो आवाज आपण होऊन आला.

पहिल्या दिवशी दोनच ठोके पडले. इंजिनाने धरलं त्या क्षणी, ठक्, ठक्, आणि मग नेहमीची धडधड. मला खात्री नव्हती. दुसऱ्या दिवशी तसंच. खोटं कशाला बोलू, ते दोन दिवस मी खरोखर साशंक होते. तिसऱ्या सकाळी पाच ठोके आले आणि ते वरून नव्हते. खालून येत होते, जाड, बसके. यांनी तोंडाने काढून दाखवला होता तसाच आवाज. काचेतून हे माझ्याकडे बघत होते, भुवया वर करून, रोजच्यासारखे.

मी हात वर केला आणि मान हलवली. ठीक आहे.

मी तसं का केलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. त्या वेळी माझ्या मनाने घेतलं ते असं. ठोका सुरू होताना येतोय, म्हणजे इंजिन एके दिवशी इथे अंगणातच, सुरू होताहोता बंद पडेल. कुणाला इजा होणार नाही. इंजिन उघडावं लागेल, गाडी महिनोन्‌महिने उभी राहील, आणि यांना कुणी न सांगता, कुणी न हिणवता, हे रस्त्यावरून बाजूला होतील. त्यात माझा काही हात दिसणार नाही. मला फक्त गप्प राहायचं होतं.

हे किती चुकीचं होतं ते मला नंतर कळलं. इंजिन अंगणात नुसतं फिरताना तुटत नाही. ते तुटतं ओझं ओढताना.

पुढचा महिना मी कसा काढला ते सांगता येत नाही. ठोके वाढत गेले. पाचाचे आठ झाले, आठाचे बारा. समोरच्या फळीवर ऑइलचा एक लाल दिवा असतो, ऑइलचा दाब नसला की तो पेटतो. आमच्या गाडीत तो कधीचा उडालेला. यांना कानांचा भरवसा होता म्हणून बदलला नव्हता. रोज सकाळी मी ठरवायची की आज सांगायचं, आणि यांचा चेहरा काचेमागे दिसला की मान हलवायची. गाडी वळणावर दिसेनाशी झाली की मी आत येऊन मशीनवर बसायची आणि पाय चालायचे नाहीत. संध्याकाळी जीप परत आली की हायसं वाटायचं, आणि त्याच क्षणी वाटायचं की अजून कशी चालते ही.

एकदा शेजारीण म्हणाली, तुमची गाडी सकाळी ठोकते गो, लिंबू-मिरची बांधा. आमच्या घरात लिंबू-मिरची बांधत नाहीत. आमचे सासरे बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेल्या पहिल्यांपैकी, आणि हे तर म्हणायचे की गाडी ऑइलवर चालते, लिंबावर नाय. पण तिलाही ऐकू येत होतं, म्हणजे आवाज आता रस्त्यापलीकडे जात होता. मी तिला म्हटलं, ते टॅपेट आहेत, वरचे, त्याचं काही नसतं. हे माझं दुसरं खोटं.

ज्या दिवशी सगळं झालं त्या सकाळी मला मुरबाडच्या एका शाळेत गणवेश पोचवायचे होते, म्हणून मीही निघणार होते. गाडी सुरू झाली. मी मोजणं सोडलं होतं. हे खाली उतरले, बॉनेटवर तळहात ठेवला आणि थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग माझ्याकडे वळले.

"काल चढावर गाडी जड वाटली गो. तळाला काय वाजतंय का? खरं सांग."

इतकं सरळ यांनी कधी विचारलं नव्हतं. मी यांच्या डोळ्यांत बघून, ओठ स्पष्ट हलवून म्हणाले, "नाय."

टोकावड्याहून निघालो तेव्हा गाडी भरली होती. पुढे यांच्या शेजारी एक निवृत्त गुरुजी, जे दर आठवड्याला बायकोच्या औषधासाठी मुरबाडला जायचे. मागे आम्ही सात-आठ जण आडव्या बाकांवर, समोरासमोर. माझ्या समोर एक म्हातारी, मांडीवर वालाच्या शेंगांचं गाठोडं. पहिला चढ लागला आणि खालून ठोका सुरू झाला. आता तो थांबेना. यांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला की घाईने वाजायचा, सोडला की सावकाश. बाकीचे आपापल्या गप्पांत होते. त्या आवाजाचा अर्थ गाडीत फक्त मला कळत होता.

मी ओरडले, थांबवा. हे पुढे बघत होते. पुन्हा ओरडले. आरशात हात हलवला, पण मधे माणसं होती. समोरच्या म्हातारीने विचारलं, उलटी होतेय का बाय? मी उठून वाकले, यांच्यापर्यंत हात पोचेना, म्हणून बाजूच्या पत्र्यावर मुठी मारायला लागले. गुरुजींनी वळून बघितलं आणि यांच्या दंडाला हात लावला. यांना वाटलं कुणाला तरी उतरायचंय. यांनी हाताने खूण केली, चढ संपला की.

चढ संपायच्या आधीच खाली काहीतरी फुटलं. मोठा धडाका झाला, चाकं जागच्या जागी धरली गेली आणि गाडी तिरकी घसरली. हे ड्रायव्हर म्हणून काय होते ते मी त्या दिवशी पाहिलं. यांनी त्याच क्षणी क्लच दाबला, चाकं सुटली, आणि बंद पडलेली गाडी यांनी उतरत्या बाजूला न जाऊ देता डाव्या हाताच्या मुरमात नेऊन उभी केली. उलटली नाही. पण म्हातारी उडून दांडीवर आपटली होती. तिच्या कपाळातून रक्त येत होतं आणि शेंगा सगळ्यांच्या पायांत पसरल्या होत्या.

हे उतरले. मागे रस्त्यावर ऑइलची काळी रेघ पडली होती, ती बघत बघत हे चालत गेले आणि रस्त्याच्या मधोमध वाकून उभे राहिले. ऑइलात लोखंडाचा एक तुकडा पडला होता. तेवढ्यात मुरबाडकडून भाजीचा रिकामा ट्रक उतारावर आला. त्याने हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. जीपमधली माणसं ओरडायला लागली. यांची पाठ होती. हे तुकडा हातात घेऊन उलटा-सुलटा करून बघत होते.

मी धावले. यांच्या शर्टाची मागची बाजू माझ्या मुठीत आली आणि मी अंग टाकून दिलं. आम्ही दोघे मुरमात पडलो. ट्रक गेला त्याचा वारा तोंडावर आला. यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग लांब जाणाऱ्या ट्रककडे, मग रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांकडे. 

गुरुजी जवळ आले. अगदी हळू आवाजात त्यांनी मला विचारलं, "यांना ऐकू येत नाही का?"

मी म्हटलं, "नाय येत."

तीन वर्षं जे जपलं होतं ते एवढ्याशा शब्दांत संपलं. यांना माझे ओठ दिसत होते.

मुरबाडच्या मिस्त्रीने जीप ओढून नेली आणि चार दिवसांनी आम्हाला बोलावलं. इंजिन उघडून मांडून ठेवलं होतं. ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या ओतीव अंगाला, मुठीएवढं भोक पडलं होतं. मिस्त्री यांचा जुना दोस्त, त्याला आता सगळं कळलेलं, म्हणून तो यांच्यासमोर उभा राहून सावकाश बोलत होता. त्याने बेरिंगचं एक कवच यांच्या हातावर ठेवलं. ते कागदासारखं पातळ झालं होतं. म्हणाला, "हे एका दिवसाचं काम नाय. महिनाभर तरी सकाळी ठोकत असणार. कोणी ऐकलं नाय?"

हे ते कवच बोटांनी चाचपत राहिले. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं.

घरी आल्यावर हे ओट्यावर बसले, चपला काढल्या.

"तुला ऐकू आलेलं."

"हो."

"कधीपासून?"

"दिवाळीनंतर."

मला वाटलं, आता गाडीचं बोलतील. इतक्या वर्षांची गाडी, मी मारली असं म्हणतील. ते ऐकायची माझी तयारी होती. हे अंगणातल्या रिकाम्या जागेकडे बघत होते. मग म्हणाले, "माणसं होती गो गाडीत."

मी सांगायचा प्रयत्न केला. की तुमी ऐकत नव्हता. की मी सांगून सांगून थकले होते, की मला वाटलं अंगणातच... पण यांनी मान वळवली होती.

त्यानंतर यांनी माझ्याकडे बघणं बंद केलं. जो माणूस ओठांवरून ऐकतो त्याने तोंडाकडे बघायचं सोडलं की दार लावल्यासारखंच. जेवण मी वाढायची, हे ताट घेऊन ओट्यावर जायचे. मुलींशी बोलायचे, त्यांच्या वह्या बघायचे. माझ्या बाजूला मात्र डोळे येत नसत. मी पाठीमागून बोलायची, हे माहीत असून की ऐकू जात नाही. किती दिवस मी त्या पाठीशी बोलले. जे समोरून बोलायची हिंमत नव्हती तेही बोलले. मला वाटायचं, यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं, आणि असं वाटण्याचीही लाज वाटायची.

एका सकाळी हे न सांगता बाहेर पडले. दुपार झाली, संध्याकाळ झाली, पत्ता नाही. मी नदीवर बघून आले, यांच्या भावाच्या घरी बघून आले, फाट्यावरच्या धाब्यांवर विचारलं. रस्त्याने येणारी प्रत्येक गाडी मी उभी राहून बघत होते. दिवेलागणीला हे धुळीने माखलेल्या पायांनी परत आले आणि हातपाय धुऊन मुलींजवळ बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

कुठे जातात ते मला गुरुजींकडून कळलं. ते मुद्दाम घरी आले होते. त्यांनी सांगितलं की हे त्या दिवशीच्या प्रत्येक प्रवाशाच्या घरी पायी जातायत. प्रत्येकासमोर हात जोडून एकच सांगतात, की मला ऐकू येत नव्हतं, मी ते लपवलं, तुमच्या जिवावर बेतलं, चूक माझी. समोरचा काय बोलतो ते नीट वाचून घेतात. काहींनी पाणी दिलं, एकाने दारात उभंसुद्धा केलं नाही. गुरुजी म्हणाले, तुमचा माणूस मोठा आहे.

मी त्यांना विचारलं, माझ्याबद्दल काही बोलले का? त्यांना प्रश्न कळला नाही. ते म्हणाले, "तुमच्याबद्दल काय बोलायचं? तुम्ही तर त्यांना वाचवलंत."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठून मी त्या म्हातारीच्या वाडीला गेले. ती अंगणात भात वाळत घालत होती. कपाळावरची पट्टी निघाली होती, टाक्यांची लाल रेघ होती. मी तिला सगळं सांगितलं, पहिल्या दोन ठोक्यांपासून त्या सकाळच्या "नाय"पर्यंत. तिने हातातलं काम थांबवलं नाही. सगळं ऐकून म्हणाली, "तुजा घरवाला आलेला. तो म्हनं माजी चूक. आता तू म्हंतीस तुजी. मी कोनाला शिव्या देऊ?"

मी म्हटलं, मला द्या.

तिने थोडा वेळ भातात बोटं फिरवली. म्हणाली, शिव्या देऊन डोकं दुखायचं राहतंय काय. वाकलं की अजून दुखतं. मग मी तिचा भात वाळत घालून दिला, दुपारी गोळा करून दिला, आणि चार-पाच दिवस रोज जाऊन देत राहिले. तिने मला माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. ती रेघ तिच्या कपाळावर शेवटपर्यंत होती.

माझं वाडीला जाणं यांना कुणीतरी सांगितलं असावं. एका संध्याकाळी मी वाडीहून परत आले तर हे ओट्यावर बसले होते, आणि मी समोरून जाताना यांनी मान वर केली.  आणि बघत राहिले, मी पाय धुऊन आत जाईपर्यंत. त्या दिवशी ताट घेऊन बाहेर गेले नाहीत.

यांनी लायसन स्वतः जाऊन परत केलं. जीपचा सांगाडा मिस्त्रीने ठेवून घेतला. पुढची दोन-तीन वर्षं वाईट गेली. माझ्या शिवणावर घर चाललं. हे शेतावर मजुरीला जायचे, आणि मागून मारलेली हाक ऐकू येत नाही म्हणून लोक यांना शेवटी बोलवायचे. कधी कधी हे जेवताना मधेच थांबायचे आणि म्हणायचे, ती म्हातारी गेली असती तर?  तसा विचार मी रोज करायची.

दोन हजार साल उलटून गेल्यावर शहापूरच्या बाजूला, तानसा धरणाजवळ, मुंबईच्या एका कुटुंबाने आंब्याची बाग आणि घर केलं. गुरुजींच्या ओळखीने यांना तिथे राखणीचं काम मिळालं, आणि आम्ही टोकावड्याचं घर बंद करून तिकडे गेलो. तिथे झाडांना पाणी घालायला कान लागत नाहीत. सुरुवातीला मालक लांबून हाका मारायचे आणि उत्तर नाही म्हणून चिडायचे. मी पहिल्याच आठवड्यात त्यांच्यासमोर जाऊन सांगितलं की माझ्या मिस्टरांना ऐकू येत नाही, समोर येऊन बोला. सांगताना हे शेजारीच उभे होते. यांनी मान खाली घातली नाही.

मालकीणबाईंच्या आग्रहाने आम्ही ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो आणि कानाचं मशीन मिळालं. इतकी वर्षं नको म्हणणाऱ्या माणसाने ते मुकाट्याने लावून घेतलं. बागेत परत आल्यावर हे अंगणात उभे राहिले, पंपाच्या आवाजाने दचकले, कावळ्याने दचकले. मी विचारलं, येतंय का ऐकू?

हे माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुझा आवाज बारीक होता गो. आता जाड झालाय."

मी म्हटलं, म्हातारी झाले मी.

हे हसले नाहीत. थोडा वेळ मशीन कानात ठेवलं, मग काढून डबीत भरलं, आणि म्हणाले की फार गोंगाट होतो, उद्या पुन्हा घालीन. मग नळी घेऊन झाडांकडे गेले.